रीमाच्या बाबांची साक्ष

श्रीरामराव देशकरांचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या कॅनवरची तारीख, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, भारतातून आलेल्या भाच्याचं "सहज आलो, मामा" हे सगळं ते एकाच नजरेने बघत. विमानं बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी उभा जन्म तपासनिसाची नोकरी केली होती. आलेला सुटा भाग उलटासुलटा करून बघायचा, कुठेतरी चीर असणारच असं धरून चालायचं, आणि चीर सापडली नाही तर पुन्हा बघायचं, हे त्यांचं काम. आपण तपासलेली विमानं पडली नाहीत ती आपल्या संशयामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच खोटंही नसावं. पण इतर लोक संध्याकाळी आपली अवजारं कंपनीत ठेवून घरी येतात, श्रीरामराव हे एक अवजार रोज घरी घेऊन येत. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळात लोक त्यांना पाठीमागे 'सीआयडी' म्हणत. त्यांची बायको पद्मिनी तोंडावर म्हणायची.

तेव्हा मुलीचा फोन आला त्या वेळी ते दुसऱ्या खोलीतला फोन उचलून कान लावून बसले होते, यात नवल काहीच नव्हतं.

"आई, शनिवारी तू साडी नेस," रीमा सांगत होती. "चांगली, सिल्कची. आणि बाबांना कोट घालायला सांग, प्लीज. इट्स अ बिग डे."

"कोणाचा बिग डे?" श्रीरामरावांना राहवलं नाही.

"बाबा, मला माहितीये तुम्ही ऐकताय. श्वास ऐकू येतो तुमचा." रीमा हसली. "रिझर्व्हेशनवर एल्डर्सचा ऑनरिंग आहे. म्हणजे म्हाताऱ्या लोकांचा सत्कार. दरवर्षी असतो. या वर्षी आंटी लोरेनचा आहे, आणि तिला तुम्ही दोघं हवे आहात."

"आम्ही कशाला? आम्ही तिला ओळखतही नाही."

"यू विल सी, बाबा."

झालं. 'यू विल सी' म्हणजे काय ते श्रीरामरावांना चांगलं ठाऊक होतं. मंडळातल्या प्रताप सबनीसांच्या मुलाने, देवांगने, दोन वर्षांपूर्वी आईबापांना असंच बोलावलं होतं. सहज या, डिनर आहे, यू विल सी. हे गेले, तर समोर मुलगी, मुलीचे आईवडील आणि दोघांची नावं घातलेला केक. प्रतापरावांनी चारचौघांत हसून तो केक खाल्ला आणि त्यानंतर आजतागायत केकला हात लावलेला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड प्रतापरावांचं पोळलं होतं आणि फुंकत श्रीरामराव बसले होते.

रीमा इथेच जन्मली, इथेच वाढली. डॉक्टर हो म्हटलं तर कानाची तज्ज्ञ झाली, तेही बापाने गोड मानून घेतलं. पण तीन वर्षांपूर्वी तिने सिएटलचं मोठं हॉस्पिटल सोडलं आणि दीड तास उत्तरेला एका रिझर्व्हेशनवरच्या दवाखान्यात नोकरी धरली. तिथे, सरकारने राखून ठेवलेल्या जमिनीवर, या देशातले मूळचे लोक राहत. त्यांच्या जमातीचं नाव श्रीरामरावांना उच्चारता येत नसे आणि शिकून घ्यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. मुलगी घरी येईनाशी झाली. गणपतीला आली नाही, दिवाळीला आरती झाल्यावर उगवली. कारण विचारलं की एकच उत्तर, "वेसबरोबर काम होतं." वेस कोण? तर आंटी लोरेनचा नातू. कसलं काम? तर "इट्स कॉम्प्लिकेटेड, बाबा," आणि फोन ठेवायची घाई.

"पाणी मुरतंय," श्रीरामराव फोन ठेवून म्हणाले. "साडी, कोट, म्हातारीचा नातू. लग्न ठरवून बसली आहे ही."

"बसली तर बसली," पद्मिनी म्हणाली. "एकतीस वर्षांची घोडी झाली."

लग्नाला श्रीरामरावांची ना नव्हती. जातपात त्यांनी केव्हाच सोडली होती, निदान तोंडाने तरी. त्यांना भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. एकुलती एक मुलगी हातातून निघून चालली आहे, आणि ही गोष्ट जगात सगळ्यांना कळल्यावर शेवटी आपल्याला कळणार, तीही लोकांसमोर, हसून केक खाण्यापुरती. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळी ते कोट घालून गाडीत बसले तेव्हा पद्मिनीच्या मांडीवर एक पिशवी होती.

"हे काय?"

"शाल आणि नारळ."

"नारळ?" श्रीरामरावांनी गाडी सुरू करता करता बंद केली. "नारळ कशाला? साखरपुडा करून यायचं आहे का आपल्या हाताने?"

"अहो, म्हाताऱ्या बाईचा सत्कार आहे. सत्काराला काय देतात? शालश्रीफळच ना? रिकाम्या हाताने जायचं का?"

"तू शाल दिलीस की ती तुला शाल देणार. तू तिच्या खांद्यावर, ती तुझ्या खांद्यावर. याला काय म्हणतात माहीत आहे? व्याहीभेट म्हणतात याला!"

"तुमच्या संशयाला औषध नाही," पद्मिनी म्हणाली. पण पिशवी डिकीत गेली, आणि तिथेच राहील अशी ताकीदही मिळाली. फ्रीवेला लागल्यावर श्रीरामरावांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या लोकांना आपण शांतपणे बघायचं, काही खायचं-प्यायचं ते खायचं, पण कशालाही हो म्हणायचं नाही.

कार्यक्रम जमातीच्या शाळेच्या जिममध्ये होता. बास्केटबॉलची रिंग वर दुमडून ठेवली होती, भिंतीला देवदाराच्या फांद्या लावल्या होत्या आणि लांबलचक टेबलांवर पांढरे कागद अंथरले होते. सगळे नटूनथटून आले होते. म्हाताऱ्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा, पुरुषांच्या अंगावर वेलबुट्टी केलेली जाकिटं, पोरांचे केस चापूनचोपून बसवलेले. रीमा कुठे दिसेना. दारातच एक धिप्पाड तरुण उभा होता, पाठीवर वेणी सोडलेला. यांना बघताच तो पुढे आला.

"अंकल! आंटी! या, या. मी वेस. तुमची जागा पुढे आहे."

अंकल. मंडळातली पोरं अंकल म्हणत त्याचं श्रीरामरावांना काही वाटत नसे. पण त्यांच्या उभ्या आयुष्यात एकाही अमेरिकन पोराने त्यांना अंकल म्हटलं नव्हतं. कंपनीत कालची पोरं 'श्री' म्हणून हाक मारत. विमानतळावर तर ते जुळे टॉवर पडल्यापासून त्यांना दर वेळी रांगेतून बाजूला काढून बूट-पट्टा उतरवायला लावत, तिथे 'सर' म्हणत, पण त्या 'सर'चा अर्थ वेगळा होता. हा अंकल म्हणतो म्हणजे कोणीतरी शिकवलेलं असणार, आणि शिकवणारी एकच होती.

वेसने त्यांना अगदी पहिल्या टेबलावर, जमातीतल्या सगळ्यात वृद्ध माणसांच्या पंगतीत नेऊन बसवलं. इथे म्हाताऱ्यांनी जेवून घेतल्याशिवाय बाकी कोणी ताटाला हात लावत नाही, हे त्याने सांगितलं. पोरं वाढायला धावत होती. श्रीरामरावांपुढे भाजलेल्या सामन माशाचा मोठा तुकडा आला, बटाटे आले, तळलेला जाडसर पाव आला. पद्मिनीपुढे वेगळं ताट, त्यात फक्त भाज्या आणि घेवडा.

"आंटी, यात मांस नाही. रीमाने सांगितलंय," वेस म्हणाला. मग त्याने खिशातून एक बाटली काढून श्रीरामरावांपुढे ठेवली. "आणि अंकल, हे तुमच्यासाठी. याच्याशिवाय तुम्ही जेवत नाही म्हणे."

पद्मिनीच्या हातचं कैरीचं लोणचं होतं. झाकणावर पद्मिनीच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती.

श्रीरामरावांचा घास हातातच राहिला. गेल्या उन्हाळ्यात रीमा दोन बाटल्या घेऊन गेली होती. त्यातली एक या वेणीवाल्याच्या खिशात!

"बघितलंस?" ते मराठीत कुजबुजले. "आपल्या घरातलं लोणचं यांच्या स्वयंपाकघरात पोचलं आहे. आणि हा मान बघ. मुलीच्या बापाला इतका मान कोण देतं? ज्याला मुलगी हवी असते तोच देतो."

"जेवा मुकाट्याने," पद्मिनी म्हणाली. "मासा चांगला झालाय, दिसतोय तरी."

तेवढ्यात समोरून काठी टेकत एक म्हातारी आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर लाल-काळी घोंगडी. कोणी ओळख करून द्यायच्या आत ती श्रीरामरावांसमोर उभी राहिली आणि तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासणाऱ्या माणसाला असं तपासून घ्यायची सवय नसते.

"तू रीमाचा बाप," आंटी लोरेन म्हणाली. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण ती बाई 'तू'च म्हणाली असणार, हे श्रीरामरावांना पक्कं कळलं. "तो कोलंबस तुम्हाला शोधत होता, आणि सापडलो आम्ही. एवढी वर्षं तुमची वाट बघतोय. आता आलास तर पोटभर जेवून जा."

टेबलावरचे सगळे म्हातारे खदखदून हसले. श्रीरामरावही हसले, पण बेतानेच. फार हसणं म्हणजे अर्धा होकार.

मग सत्कार सुरू झाला. ढोल वाजले. एकेका वृद्धाला एकेक तरुण हात धरून मधल्या मोकळ्या जागेत आणू लागला. नाव पुकारलं जाई, तो कोणाचा मुलगा, कोणाची नात, कुठल्या नदीकाठचा, हे सगळं सांगितलं जाई, आणि लोक दोन्ही हात पुढे उचलून, तळवे वर करून हळूच हलवत. ही त्यांची आभार मानायची रीत होती. आंटी लोरेनला आणलं तेव्हा तिच्या एका बाजूला वेस होता, आणि दुसऱ्या बाजूला रीमा. रीमाने मोरपंखी साडी नेसली होती. आईला सांगून मागवलेली नव्हे, स्वतःची. ही पोरगी दिवाळीलासुद्धा जीन्समध्ये येते.

"पद्मे," श्रीरामराव म्हणाले, "आता घोडामैदान जवळच आहे."

पुढचं तर त्यांना आणखीच उलटं वाटलं. आंटीला कोणी काही देईना, उलट तिच्याच घरच्यांनी ब्लँकेटांचा ढीग आणून ठेवला आणि तीच एकेकाला बोलावून वाटू लागली. ज्याचा सत्कार त्यानेच अहेर करायचा, ही कुठली पद्धत? फुकट कोणी कोणाला काही देत नाही, हा श्रीरामरावांचा सिद्धान्त होता. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, तेव्हा तिने आदराने समजावलं, "मोठं काही जाहीर करायचं असलं की आमच्यात आधी साक्षीदार नेमतात. खांद्यावर ब्लँकेट टाकतात, हातावर नाणं ठेवतात. जे घडेल ते त्यांनी बघायचं, लक्षात ठेवायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं. कागदावर सही करतात ना, तसंच."

साक्षीदार. सही. हातावर नाणं म्हणजे बयाणा. श्रीरामरावांच्या डोक्यात एकेक भाग आपापल्या खाचेत बसत गेला. रजिस्टर लग्नाला साक्षीदार लागतात, हे त्यांच्या नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल.

माइकवरून नाव आलं, "रीमाचे वडील, श्रीराम." आणि समोरून रीमा व वेस चालत आले. दोघांनी मिळून एक मोठं ब्लँकेट धरलं होतं, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये ते पसरलेलं, अगदी अंतरपाटासारखं. ढोल थांबले. सगळं जिम उठून उभं राहिलं.

श्रीरामरावही उठले. पण दोन्ही हात पुढे करून त्यांनी ते ब्लँकेट अडवलं.

"नो," ते म्हणाले. "एक्स्क्यूज मी. आय डू नॉट ॲग्री." आणि त्यांनी ब्लँकेट वेसच्या छातीवर परत लोटलं.

पद्मिनीने पदर तोंडाला लावला. रीमाचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग कानापर्यंत लाल.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"मला न विचारता मला साक्षीदार करता?" श्रीरामराव मराठीत, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "लग्न लावताय ना तुझं? मग बापाला आधी सांगायची रीत नाही का? लोकांसमोर शाल टाकली की बाप गप्प बसेल, असं वाटलं तुला?"

"काय म्हणतोय तो?" आंटी लोरेनने मोठ्याने विचारलं.

रीमा पुटपुटली. पण माइक तिच्या शेजारीच होता, आणि जिमच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं, "ही थिंक्स आय ॲम गेटिंग मॅरीड, आंटी."

"लग्न? कोणाशी?"

श्रीरामरावांचं बोट त्यांच्याही नकळत वेसकडे गेलं.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कडेवर पोर घेतलेली आणि एप्रन बांधलेली एक बाई ओरडली, "न्यायचाच असेल तर न्या हो माझ्या नवऱ्याला! घोरतो मात्र, ते आधीच सांगून ठेवते!"

आणि ते जिम फुटलं. म्हाताऱ्या टेबलं बडवून हसत होत्या, एकीची कवळी ताटात पडायची वाचली, ढोलवाल्यांनी ढोलावर एक थाप मारून घेतली. वेस डोकं धरून उभा होता. श्रीरामरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं होतं, आणि संन्याशाची बायको समोर उभी राहून हसत होती.

एकटी रीमा हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा," ती हळू म्हणाली, "एवढं मोठं काही असतं, तर मी तुम्हाला आधी सांगितलं नसतं?"

"सांगितलं असतंस," असं म्हणायला श्रीरामरावांनी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, निदान त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, आणि तेच तर सगळं दुखणं होतं.

आंटी लोरेनने काठी आपटली. हशा ओसरला. वेसने पुढे केलेला माइक तिने बाजूला सारला.

"मी लहान असताना मला घरातून उचलून सरकारी शाळेत नेलं," ती म्हणाली. "आम्हाला सगळ्यांनाच न्यायचे. तिथे मी आपल्या भाषेत बोलले म्हणून बाईंनी कानाखाली मारली. तो कान तेव्हाच गेला. दुसरा म्हातारपणाने नेला. मग कानात घालायची मशीनं देणारे आले. मशीनला बोलणं कळतं, ढोल कळत नाही. ढोल वाजला की ते त्याला गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. मी प्रत्येकाला सांगितलं, मला माझ्या आईची गाणी ऐकू येत नाहीत. सगळे म्हणाले, या वयात एवढं चालायचंच."

तिने रीमाचा हात धरला.

"ही पोरगी म्हणाली नाही तसं. हिने माझं खरं मानलं. वेसला ढोल वाजवायला बसवलं आणि ही मशीन जुळवत बसली. नाही जमलं. पुन्हा बसली. हिवाळाभर, सणासुदीलासुद्धा. मीच म्हटलं, सोड, पोरी. तर ही मला काय म्हणाली? 'माझे बाबा सांगतात, चीर सापडली नाही तर पुन्हा बघायचं.'" आंटी श्रीरामरावांकडे वळली. "असं सांगणारा बाप मला बघायचा होता. म्हणून तुला बोलावलं."

रीमा लहानपणी गणितं सोडवायची तेव्हा श्रीरामराव तिला ते वाक्य म्हणत, आणि ती कंटाळून डोळे फिरवी. तिने ते जपून ठेवलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुझी शंका अगदीच खोटी नाही," म्हातारी पुढे म्हणाली. "काहीतरी मागायलाच बोलावलंय तुला. मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे, की या मुलीला माझ्या घरात जागा आहे. मी गेल्यावर कोणी हिला तू कोण म्हणून विचारायचं नाही. ती तुझी आहे, मी घेऊन जात नाही. पण थोडी आमचीही आहे. हे लक्षात ठेवायला साक्षीदार हवा. बाकीचे जेवले की पेंगतात. तू आल्यापासून आमच्याकडे असा बघतोयस, जणू आम्ही तुझे चमचे चोरणार आहोत. एवढं नीट बघणारा साक्षीदार मला कुठे मिळणार?"

आता कोणी हसलं नाही. सगळे त्यांच्या उत्तराची वाट बघत होते.

श्रीरामरावांनी खिसे चाचपले. "वन मिनिट," ते म्हणाले आणि सरळ दाराबाहेर चालते झाले.

"गेला," पंगतीतला एक म्हातारा म्हणाला. रीमाने मान खाली घातली. पद्मिनीलाही वाटलं की आता गाडी सुरू झाल्याचा आवाज येणार. पण आवाज आला तो डिकी बंद झाल्याचा. श्रीरामराव पिशवी घेऊन आत आले, धापा टाकत. त्यांनी घडी मोडून शाल आंटी लोरेनच्या घोंगडीवरून तिच्या खांद्यांवर घातली, नारळ तिच्या ओंजळीत दिला आणि वाकून नमस्कार केला. म्हातारीने नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. आतलं पाणी ऐकू आलं तशी ती समाधानाने हसली.

मग ते वेसकडे वळले. "सॉरी," म्हणाले, आणि खांदे पुढे केले. रीमाने आणि वेसने ब्लँकेट त्यांच्या खांद्यांवर टाकलं. जाड होतं, उबदार होतं. आंटीने हातावर ठेवलेल्या नाण्याभोवती त्यांनी मूठ घट्ट मिटली.

मग आंटीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की रीमाला आपल्या घरात जागा आहे. साक्षीदाराने शेवटी उठून बोलायचं असतं. त्यांची पाळी आली तेव्हा ते इंग्रजीतच बोलले, पण वाक्यं त्यांची नेहमीची, तपासणीच्या अहवालासारखी.

"मी पाहिलं की इथे म्हातारी माणसं आधी जेवतात. मी पाहिलं की माझी मुलगी साडी नीट नेसते. मी पाहिलं की आंटींचं मशीन मध्येच कुरकुरलं, तेव्हा त्यांनी हाक मारायच्या आधीच माझी मुलगी उठली होती. मी पाहिलं की तिचं इथे घर आहे. मला ते माहीत नव्हतं. आता मला कोणीही विचारलं तर मी सांगेन." इथे त्यांनी मूठ उघडून नाणं बघितलं. "मला तिचा अभिमान वाटतो. हेही लिहून... नाही, लिहायचं नाही. लक्षात ठेवा."

सगळ्या जिमने दोन्ही हात पुढे उचलले. रीमा येऊन त्यांच्या ब्लँकेटमध्ये शिरली, लहानपणी शिरायची तशी, आणि त्यांनी तिला धरून ठेवलं.

परतताना गाडी फ्रीवेला लागली. ब्लँकेट श्रीरामरावांनी काढलंच नव्हतं.

"झाली की हो व्याहीभेट," पद्मिनी म्हणाली. "तुम्ही तिला शाल घातलीत, तिने तुम्हाला. जावई तेवढा राहिला."

"पोरगा चांगला होता गं," श्रीरामराव म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा वाईटच वाटलं होतं.

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "एक शंका मात्र राहिलीच."

"अजून?"

"तीन वर्षं ही पोरगी हे करते आहे. एका शब्दाने आपल्याला सांगू नये?"

पद्मिनी खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही विचारलंत कधी?"

"दर फोनला विचारतो!"

"ते विचारणं नव्हे. ती उलटतपासणी असते. कोण, कुठे, कोणाबरोबर. साक्षीदाराला बोलावून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर तो काय बोलणार?"

ते शब्द श्रीरामरावांना लागले, आणि लागायलाच हवे होते.

घरी पोचले तेव्हा अजून उन्हं होती. ब्लँकेट खांद्यावर तसंच ठेवून त्यांनी रीमाला फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी सहज केला."

"सहज?" रीमाच्या आवाजात शंका होती. "तुम्ही सहज कधी फोन करत नाही. व्हॉट डू यू वॉन्ट टु नो? आणि आई, मला माहितीये तू दुसऱ्या फोनवर आहेस."

शेवटी मुलगी कोणाची! श्रीरामरावांना हसू आलं.

"आंटीला पहिल्यांदा ढोल ऐकू आला ना, त्या दिवशी काय झालं ते सांग."

"का, बाबा?"

"काही नाही गं. ऐकायचंय."

रीमा बोलायला लागली. आधी जपून, मग भरभर, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. श्रीरामरावांनी खुर्ची जवळ ओढून घेतली, आणि मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.